हर्राशीवाल्याची बोली

हे लिहायला मला बरेच महिने लागले. उजव्या हातात पेन अजून नीट धरवत नाही, म्हणून डाव्या हाताने मोबाईलवर एकेक अक्षर टिपत गेलो. शब्द अडला की उठायचं, जरा फिरून यायचं, परत बसायचं. घरातले म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही लिहितो. मी नको म्हटलं. ज्यांच्या घरात कुणाला अर्धांगवायूचा झटका आलाय आणि त्याची वाचा गेलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्याहून जास्त, ज्याची वाचा गेलीय त्याच्यासाठी. त्याला सगळं समजत असतं. एवढं आधीच सांगून टाकतो.

माझं नाव इलियास. भोकरदन तालुक्यात हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो, तिथे आमची आडत आहे. शेतकरी मिरची आणतो, आम्ही ती व्यापाऱ्यांपुढे ठेवतो आणि बोली लावून विकतो. या लिलावाला आमच्याकडे हर्राशी म्हणतात. आडत मोठ्या भावाची, हारूनभाईची. हर्राशी पुकारायचं काम माझं. दहावी झाल्यावर भाई म्हणाला, "तुझा आवाज चांगला आहे, उद्यापासून ढिगावर उभा राहा." मी उभा राहिलो. तुला काय व्हायचंय, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. पण काम जमलं, आवडलंही. माझा आवाज बाजाराच्या फाटकापर्यंत ऐकू जायचा. चाळिशी आली तोवर लोक मला इलियास हर्राशीवाला म्हणूनच ओळखायचे.

ढिगावर

हंगाम जोरात होता. दुपारी हर्राशी सुरू झाली आणि तिसऱ्या की चौथ्या ढिगावर माझ्या तोंडून भलतंच काहीतरी यायला लागलं. मला आकडा म्हणायचा होता, आणि येत होतं नुसतं कडबोळं. व्यापारी हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मलाही वाटलं, जीभ अडखळली असेल. मी परत म्हणून पाहिलं, परत तेच. मग उजव्या हातातली मिरची खाली पडली. ती उचलायला वाकलो तो उठलोच नाही.

"ऊन लागलं," कुणीतरी म्हणालं. डोक्यावर पाणी ओतलं, नाकाला कांदा लावला. ताक पाजलं ते तोंडाच्या एका बाजूने खाली आलं. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि सरळ जालन्याला न्यायला सांगितलं. मला रक्तदाब आहे हेच तोवर कुणाला माहीत नव्हतं. भाईने गाडी काढली, पण वाटेत त्याला एका नातेवाइकाचा फोन आला, अमुक गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात, आधी तिकडे न्या. माणूस घाबरला की जो सांगेल ते ऐकतो. आम्ही तिकडे गेलो. तिथे रांग होती.

जालन्यातल्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला तेव्हा अंधार पडला होता. डॉक्टर भाईला म्हणाले, "मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आहे. दुपारीच थेट इथे आणलं असतं तर ती विरघळवायचं इंजेक्शन देऊन बघता आलं असतं. आता तो वेळ गेला."

भाई वळला. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिथेच पडलो होतो, मी ऐकलं. मला ऐकू येतंय, कळतंय, हे त्या खोलीत कुणाच्या ध्यानात नव्हतं. भाईला मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण वाचणाऱ्याने एवढं डोक्यात ठेवावं: तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं गुंतलं, तर मध्ये कुठेही थांबायचं नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात.

बराबर

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

मला माझं नाव माहीत होतं. डोक्यात ते स्पष्ट होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "बराबर."

"कुठलं गाव?"

"बराबर."

"हात दुखतो का?"

"बराबर, बराबर."

बाजारात दर पटला की मी म्हणायचो तो शब्द. सगळे शब्द गेले आणि हाच एक मागे राहिला. वॉर्डातले लोक पहिल्यांदा हसले, मग हसायचे थांबले. शेजारच्या खाटेवर परतूरकडचे एक म्हातारे मास्तर होते. ते मात्र माझ्याशी रोज गप्पा मारायचे. पाऊस, कापूस, त्यांची सून, सगळं सांगायचे. मी "बराबर" म्हटलं की म्हणायचे, "तेच म्हणून राह्यलो मी." त्या दिवसांत माझ्याशी माणसासारखं बोललेले ते पहिले.

बाकी सगळे माझ्याबद्दल बोलायचे. माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून. "आता हा काय काम करणार?" "लेकीचं शिक्षण कसं व्हायचं?" "नसरीनचं नशीब." नसरीन माझी बायको. ती तेव्हा माझ्या उशीची कड सरळ करत राहायची. फिजिओथेरपिस्ट यायचा, हात वर-खाली करायचा. सिस्टर पहाटे नळीने औषध द्यायची, मग अंग पुसणं, मग डॉक्टरांचा राउंड, मग भेटायला येणारे. डॉक्टर चांगले होते, पण तेही माझी तब्येत भाईलाच विचारायचे. "झोप लागली का यांना?" भाई म्हणायचा, "हो, चांगली लागली." मला रात्रभर झोप आलेली नसायची.

भीती मरणाची नव्हती. भीती ही होती, की मी असाच आत राहीन आणि बाहेर माझी सगळी उत्तरं दुसरे कुणी देत राहतील.

घरी

घरात आम्ही उर्दू बोलतो. इथे मी सगळं मराठीतच लिहितोय, कारण एक विचित्र गोष्ट झाली. माझे शब्द परत यायला लागले ते मराठीतले आले. बाजाराची भाषा आधी आली, घरची मागे राहिली. अम्मी मला दुवा द्यायची आणि मी तिला म्हणायचो, "पाणी दे." ती नसरीनला म्हणाली, "हा माझ्याशी परक्यासारखा का बोलतो?" मला तिला सांगायचं होतं, की मी निवडून बोलत नाही, जे हाताला लागतं ते उचलतो. तेही सांगता आलं नाही. ती पदराने डोळे पुसत आत गेली.

भाई रोज संध्याकाळी यायचा. मिरची कशी गेली, कोण व्यापारी आला, सांगायचा. माझ्या जागी आता तोच हर्राशी पुकारत होता, त्याचा घसा बसला होता. एक दिवस म्हणाला, "तू काही काळजी करू नको. आडतीत गादीजवळ खुर्ची टाकतो. येऊन बसायचं, लोकांना भेटायचं. तुझा वाटा घरी येत राहील, मी आहे तोवर."

तो मनापासून बोलत होता. असा भाऊ मिळायला नशीब लागतं. आणि तरी ती खुर्ची मला नको होती. दहावीनंतर त्याने मला ढिगावर उभं केलं होतं, आता खुर्चीत बसवत होता. पहिल्या वेळी मी काही बोललो नाही कारण सुचलं नाही. या वेळी सुचत होतं, पण बोलता येत नव्हतं.

वाघमारे मॅडम

जालन्याला एक वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम आहेत, असं दवाखान्यातून कळलं. वाघमारे मॅडम. पहिल्या भेटीत त्यांनी मला प्रश्न विचारला आणि नेहमीप्रमाणे नसरीनने उत्तर दिलं. मॅडमनी तिला थांबवलं.

"ताई, तुमच्याशी मी नंतर बोलते. मी यांना विचारलंय."

मग त्या माझ्याकडे बघत बसल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण बाहेर एक रिक्षा आली, उभी राहिली, निघून गेली. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. शेवटी मी म्हणालो, "इ... इल्यास."

त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. "बरं, इलियासभाई, तुम्हाला कुणाशी बोलायचंय?" एवढंच म्हणाल्या.

निघताना नसरीनला त्यांनी सांगितलं, "यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. कितीही वेळ लागला तरी. तुम्हाला त्रास होईल, यांना राग येईल. तरी करायचं नाही."

नसरीनने ते असं मनावर घेतलं की पहिले काही दिवस मला तिचा राग यायचा. चहाचा कप हातात धरून ती समोर उभी राहायची. काय पाहिजे? मला "चहा" म्हणता येईना. मी बोट दाखवायचो, ती मान हलवायची. एकदा मी डाव्या हाताने बशी भिरकावली. ती वाकून तुकडे गोळा करत म्हणाली, "मलाही हौस नाही. मी दिवसभर तुमचं करते, अम्मींचं करते, मशीनवर लोकांचे कपडे शिवते. मी पण थकते. पण उद्या मला काही झालं तर तुम्ही लोकांना काय सांगणार? बराबर?"

मी मग म्हणालो, "च... चहा." ती खाली बसली आणि रडली. चहा तोवर गार झाला होता. तिने परत ऊन केला.

आकडे सगळ्यात अवघड होते. एक, दोन, तीन असं ओळीने म्हणता यायचं, लहान पोरं पाढे म्हणतात तसं, न थांबता. पण मधलाच एक आकडा उचलून सांगता यायचा नाही. लेकीचं वय सांगायचं तर एकपासून मनातल्या मनात चढत जायचं आणि त्या आकड्याशी थांबायचं. कधी पुढे निघून जायचो. मॅडमनी विचारलं होतं कुणाशी बोलायचंय, त्याचं माझं उत्तर ठरलेलं होतं. बाजाराशी. मला हर्राशी पुकारायची होती. त्या म्हणाल्या, "मी वचन देत नाही. आपण सराव करू."

एकटा

उपचाराला जायचं ते भाईच्या गाडीने, नाहीतर नसरीनबरोबर. काठी घेऊन चालता यायला लागलं तेव्हा मी ठरवलं, एसटीने एकटा जायचं. नसरीनने विरोध केला. "पडलात तर कुणाला सांगणार, काय सांगणार?" बराच वाद झाला. म्हणजे ती बोलली आणि मी मान हलवत राहिलो. शेवटी तिने अट घातली. "पोचलात की फोन करायचा. मेसेज चालणार नाही. फोन करून बोलायचं."

भोकरदनच्या स्टँडवर गाडीत बसलो. कंडक्टर आला. मी तयारी करून ठेवली होती. तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाफ्राबाद."

"अहो काका, ही जालन्याची गाडी हाय. जाफ्राबादची तिकडं लागली."

"हां. जा... जाफ्राबाद."

मागून कुणीतरी हसलं. कंडक्टर माझ्या काठीकडे आणि हाताकडे बघत म्हणाला, "सोबत कोण हाय तुमच्या?"

तो एक प्रश्न मला लागला. मी हात वर केला, थांब म्हणून. डोळे मिटले. जालना डोळ्यांपुढे आणलं, मॅडमचा जिना, बाहेरचा उसाच्या रसाचा गाडा. "जाल... ना. एक."

"बराबर," कंडक्टर म्हणाला आणि तिकीट फाडलं. मला हसू फुटलं. त्याला कशाचं ते कळलं नाही.

पोचल्यावर फोन केला. "पो... पोचलो," एवढंच म्हणालो. मग नसरीन म्हणाली, "बरं. येताना पण करा."

पुंजाराम बापूंचा ढीग

पुढचा हंगाम सुरू झाला आणि मी भाईला म्हणालो, मी पुकारतो. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि काळजी दोन्ही दिसली. मी महिनाभर घरी सराव केला होता. हर्राशीत आकडे चढतच जातात, आणि चढत जाणं मला जमत होतं. मला वाटलं, हे काम जणू माझ्यासाठीच आहे.

पहिले दोन ढीग चांगले गेले. आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण लोक शांत राहिले. माझ्यासाठी शांत राहिले, हे मला कळत होतं. तिसरा ढीग पुंजाराम बापूंचा, आमच्याकडे माल आणणाऱ्या जुन्या शेतकऱ्याचा. माल तेजीचा होता. एका व्यापाऱ्याने मधले आकडे सोडून एकदम वरची बोली लावली, दुसऱ्याने त्याच्यावर उडी मारली. माझी शिडी तुटली. बोली किलोला बत्तीसवर थांबली, मी ती ऐकली, समजलो, आणि पुकारलं, "तेवीस, एक वार. तेवीस, दोन वार. तेवीस, तीन वार."

मला माझी चूक ऐकू आली नाही. मला वाटलं मी बत्तीसच म्हणतोय.

व्यापारी खाली बघायला लागले. हर्राशीवाल्याने तीन वार म्हटलं की सौदा पक्का, हा बाजाराचा रिवाज.

बापू पुढे आले. आवाज न चढवता म्हणाले, "इलियासभाई, बत्तीस झाले व्हते ना? तेवीस कुठून आले?"

भाई धावतच आला. "बत्तीसच. बत्तीसच धरा." व्यापाऱ्यानेही मान डोलावली. कुणाचं काही बुडालं नाही. पण मी बापूंचा चेहरा पाहिला होता. त्यांच्या घामाचा दर माझ्या जिभेवर होता, आणि माझ्या जिभेवर माझा ताबा नव्हता. ते त्या वेळी चहा प्यायला गेले असते तर? भाई जागेवर नसता तर?

भाई जवळ येऊन हळूच म्हणाला, "होईल सवय. काही दिवस मी शेजारी उभा राहतो. चुकलास की मी दुरुस्त करेन."

म्हणजे परत तेच. मी बोलणार आणि खरं ते तो सांगणार. मी ढिगावर उभाच होतो, सगळे बघत होते. एकेक शब्द उचलत मी म्हणालो, "मी... आता... हर्राशी... करणार न्हाई."

झटका आल्यानंतरचं ते माझं बाजारातलं पहिलं पूर्ण वाक्य. ते हरल्याचं वाक्य आहे असं लोकांना वाटलं असेल. मला तसं वाटलं नाही. हे काम मी उचललं तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यावरून उचललं होतं. सोडलं ते माझं मी.

भाईने निःश्वास टाकला. "मंग ठीक. गादीजवळ बस."

"न्हाई. तिथं पण... न्हाई."

"मंग काय करणार?"

मी म्हणालो, "सांगतो."

सांगतो म्हणालो खरं

पुढचे काही आठवडे वाईट गेले. काय नको ते ठरवून टाकलं होतं, आणि काय हवं ते ठाऊक नव्हतं. वाघमारे मॅडमना मी घडलेलं सांगितलं. त्यांनी विचारलं, "हर्राशी सोडून बाजारात तुम्हाला काय आवडायचं?"

मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. उत्तर द्यायला मला दोन भेटी लागल्या. मला आवडायचं ते हर्राशीच्या आधीचं. पोती उघडली की मी मिरची मोडून बघायचो. कोणतं बियाणं आहे, पाणी जास्त झालंय का, तोडणी उशिरा झाली का, ते बघायचो. शेतकरी विचारायचे, पुढच्या साली कोणती लावू? कोणत्या मिरचीपाशी व्यापारी थांबतो आणि कोणत्या मिरचीला नाक मुरडतो, हे मला ढिगावर उभं राहून कळलेलं होतं. आणि आमच्या भागात मिरचीची रोपं लोक लांबून आणतात.

जालन्याजवळ एक रोपवाटिका आहे. तिच्या मालकाकडे मी एकटा गेलो. मला काम शिकायचंय, एवढं सांगायला मी बराच वेळ घेतला.

तो म्हणाला, "दादा, राग नका मानू. पण एका हातानं ट्रे कसे भरणार तुम्ही?"

"डा... डावा. चांगला हाय."

तो हसला. "या मंग सोमवारपासून."

ट्रेच्या खळग्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरायचा आणि एकेका खळग्यात एकेक बी टाकायचं. बाया माझ्या दुप्पट वेगाने करायच्या. मी हळू करायचो, पण करायचो. बी दिसायला इतकं बारीक, की बोटांना शिकायला लागतं. माझी डाव्या हाताची बोटं शिकली. पाणी किती, सावली किती, कोणत्या दिवशी औषध, सगळं बघून घेतलं. रोज एसटीने जा-ये. रोज दोन फोन.

मी माझी स्वतःची रोपवाटिका टाकतो म्हणालो तेव्हा भाई पहिल्यांदा माझ्यावर चिडला.

"लोक म्हणतील, आजारी भावाला बाहेर काढलं. वेगळं व्हायचंय का तुला?"

"वेगळं... न्हाई, भाई. माझं."

मग डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, "त्या दिवशी मी गाडी वाकडी नेली नसती तर..." इतक्या महिन्यांत त्याने हे कधी काढलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. माफ केलं, असं म्हणायचं होतं, तो शब्द मिळाला नाही. "चल," असं म्हणालो. तो समजला. दुसऱ्या दिवशी रस्त्यालगतच्या माझ्या जमिनीच्या तुकड्यावर सावलीच्या जाळीचे, म्हणजे शेडनेटचे, खांब रोवायला तो स्वतः आला.

पहिली रोपं

पहिली खेप मेली. उगवण छान झाली होती, सगळं हिरवं दिसत होतं, आणि मग रोपं मानेशी काळी पडून आडवी व्हायला लागली. मी पाणी जास्त दिलं होतं. ज्या लोकांनी आगाऊ पैसे देऊन नोंदणी केली होती, त्यांची शेतं तयार होती.

भाई म्हणाला, "मी बाजारात सगळ्यांना सांगून टाकतो. तू कशाला जातोस? तुला बोलायला त्रास होतो."

मी म्हणालो, "मी जातो."

नसरीन स्कूटी चालवायला शिकली होती. ती मला गल्लीच्या तोंडाशी सोडायची आणि तिथेच थांबायची. दारापर्यंत मी एकटा जायचो. सगळीकडे तेच सांगायचं होतं, पण सगळीकडे ते नव्याने जड जायचं. "रोपं... मेली. पाणी... जास्त झालं. चूक... माझी. दुसरीकडून... घ्या. पैसे... परत."

एकाने तोंडावर शिव्या दिल्या. माझी बाजू घ्यायला तिथे कुणी नव्हतं. मी उभं राहून ऐकून घेतलं. एका घरी म्हातारीने मला बसवलं, पाणी दिलं आणि मी बोलत असताना मध्ये एकदाही शब्द पुरवला नाही. कदाचित तिला ऐकू कमी येत असेल. मला ते फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा अंग मोडून आलं होतं. पण बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली. नुकसान माझं होतं, बोलणंही माझं होतं. दुसऱ्या खेपेला पाणी मोजून दिलं. ती जगली.

आता

मी पूर्ण बरा झालेलो नाही. होणारही नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. आता ते मलाच सांगतात, माझ्याकडे बघून. रक्तदाबाची गोळी मी स्वतः आठवणीने घेतो. उजवा हात पोटाशी धरून चालतो. दमलो की शब्द पळतात. आकडा सांगायचा असेल तर आजही कधी कधी खालून चढत येतो, आणि महत्त्वाचा असेल तर बोटांनी दाखवतो आणि समोरच्याला परत म्हणायला लावतो. उर्दू हळूहळू परतली. अम्मीशी आता तिच्या भाषेत बोलतो. ती म्हणते, अजून मराठीचा वास येतो.

नसरीनने शिवणकाम सोडलेलं नाही. मी सोड म्हटलं नाही आणि ती विचारायला आली नाही. रोपवाटिकेच्या कामात ती येते तेव्हा तिची रोजची मजुरीही वेगळी ठरलेली असते, तिनेच ठरवली.

ज्याची वाचा गेलीय त्याला मी एवढंच सांगेन: लोक तुझी काळजी करतात म्हणूनच तुझ्या जागी बोलतात. त्यांच्यावर राग धरू नको. पण जागाही सोडू नको. हात वर कर, थांबा म्हण. पहिला शब्द चुकला तर चुकू दे. आणि घरच्यांना सांगेन, थोडं थांबायला शिका. औषधाइतकंच ते लागतं.

मागच्या महिन्यात टेंभुर्णीकडचा एक तरुण शेतकरी वडिलांना घेऊन रोपं बघायला आला. वडिलांचं तोंड किंचित वाकडं, हात माझ्यासारखाच पोटाशी. शेत त्यांचंच, वर्षानुवर्षं त्यांनीच कसलेलं. मी दोघांना खुर्च्या दिल्या आणि म्हाताऱ्यांना विचारलं, "काका, यंदा कोणती लावायची?"

"लांब हिरवीच द्या," मुलगा म्हणाला. "त्यांना बोलता येत न्हाई. झटका येऊन गेल्ता."

मी हात वर केला. "मी... काकांना विचारलं."

मुलगा जरा खजील झाला. म्हातारे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना कळलं असावं. ओठ हलले, थांबले, परत हलले. मुलाने शब्द पुढे करायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

मग म्हातारे म्हणाले, "न्हाई."

"न्हाई?" मुलगा चमकला. "लांब नको? अहो अण्णा, मंग कोणती?"

अण्णांनी डोळे मिटले आणि शब्द शोधायला लागले. मी ट्रे बाजूला सारून त्यांच्यासमोर बसलो. मुलगाही बसला. आम्हाला घाई नव्हती.